वार्डेनबर्ग सिंड्रोम असलेल्या मुलासाठी दिव्यांग प्रमाणपत्र : पात्रता, कागदपत्रे, अर्ज

कपाळावर जन्मापासून पांढरी बट, एक डोळा निळा तर दुसरा तपकिरी, आणि मागून हाक मारली तर बाळ वळत नाही. असे दिसले की डॉक्टर वार्डेनबर्ग सिंड्रोमचा विचार करतात. डच नेत्रतज्ज्ञ वार्डेनबर्ग यांनी १९५१ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. केसांना आणि त्वचेला रंग देणाऱ्या पेशी आतल्या कानातही लागतात. तिथे त्या पोहोचल्या नाहीत तर ऐकू येत नाही. आपल्याकडे मात्र डोळे पाहून 'पणजोबांवर गेलाय' म्हणतात आणि अंगावरचे फिकट चट्टे कोड समजून झाकतात. तेवढ्यात मुलाचे ऐकण्या-बोलण्याचे मोलाचे महिने निघून जातात.

अर्जापूर्वी एक गोष्ट पक्की समजून घ्या. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील २१ प्रकारांच्या यादीत वार्डेनबर्गचे नाव नाही. प्रमाणपत्र मिळते ते श्रवणदोषाचे. त्यामुळे महागडी जनुक तपासणी या अर्जासाठी लागत नाही. तिचा उपयोग वेगळा आहे : आई किंवा वडिलांपैकी एकाला हा दोष असेल तर बहुतेक प्रकारांत प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता ५० टक्के असते. म्हणून भावंडांचीही श्रवण चाचणी करून घ्या, त्यांचे केस काळेभोर असले तरी.

कायद्याच्या व्याख्येत दोन्ही कानांत ७० डेसिबलचा ऱ्हास असेल तर कर्णबधिर, ६० ते ७० असेल तर ऐकण्यास त्रास असलेली व्यक्ती. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. इथे काही पालकांची निराशा होते, कारण या सिंड्रोममध्ये कधीकधी एकच कान जातो. टक्केवारी काढताना चांगल्या कानाला जास्त महत्त्व असल्याने असे मूल सहसा ४० पर्यंत पोहोचत नाही. तरीही चाचण्यांची फाइल जपून ठेवा. शाळेत पुढच्या बाकावर बसवून घ्यायला तीच उपयोगी पडते.

अर्ज यूडीआयडीच्या (दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या) स्वावलंबन कार्ड पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. आधार किंवा आधार नोंदणी क्रमांक, सहा महिन्यांच्या आतला फोटो, पत्त्याचा पुरावा आणि चालू मोबाइल क्रमांक जवळ ठेवा. पाच वर्षांखालील मुलाचे आधार जन्मदाखला आणि पालकाच्या आधारवर निघते, बोटांचे ठसे लागत नाहीत. नाव, जन्मतारीख सगळीकडे एकसारखी हवी. एका अक्षराच्या फरकाने हेलपाटे पडतात.

पुढे नेमलेल्या रुग्णालयात, बहुधा जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये, तपासणी होते. लहान बाळाची बेरा चाचणी (आवाजाला श्रवणनस आणि मेंदू प्रतिसाद देतात का ते पाहणारी) झोपेत करतात, म्हणून आदल्या रात्री त्याला उशिरा झोपवा, सकाळी लवकर उठवा आणि दूध तिथेच पाजा. जाग आली तर चाचणी अर्धवट राहते आणि पुन्हा तारीख घ्यावी लागते. आधीचे सगळे अहवाल मूळ प्रतींसह न्या. बाळाला जन्मापासून तीव्र बद्धकोष्ठता असेल तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा. सिंड्रोमच्या चौथ्या प्रकारात आतड्याच्या काही भागात चेतापेशी नसतात.

२०२४ च्या सुधारित नियमांनुसार प्रमाणपत्रासाठी तीन महिन्यांपर्यंत वेळ लागू शकतो. कार्डाचा रंग टक्केवारीनुसार : ४० च्या खाली पांढरा, ४० ते ७९ पिवळा, ८० पासून निळा. निर्णय पटला नाही तर लेखी अपील करता येते.

हे तीन महिने नुसती वाट पाहण्यात घालवू नका. श्रवणयंत्र आणि स्पीच थेरपी लगेच सुरू करा. दोष कानातल्या शंखात असून श्रवणनस सहसा शाबूत असते, त्यामुळे या मुलांना कॉक्लिअर इम्प्लांटचा, म्हणजे शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायच्या उपकरणाचा, चांगला फायदा होतो. दिव्यांगांना साधने देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत इम्प्लांटसाठी जन्मजात बहिऱ्या मुलांना वयोमर्यादा पाच वर्षे आहे. कुटुंबाचे मासिक उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर योजनेच्या मर्यादेत पूर्ण मदत, ३०,००० पर्यंत निम्मी. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला प्रमाणपत्राच्या अर्जाबरोबरच काढायला टाका. योजनेतील इम्प्लांटची मुख्य संस्था आपल्याच मुंबईत, वांद्रे रेक्लमेशनला आहे : अली यावर जंग राष्ट्रीय संस्था. मूल सहा महिन्यांचे असले तरी आत्ताच तिथे दाखवून घ्या.