इनामगावच्या सांगाड्यांचा अभ्यास

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठी असलेल्या इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन (दगडाबरोबर तांब्याची हत्यारे वापरणाऱ्या काळातल्या) वसाहतीत (सु. इ. स. पू. १६००–७००) अडीचशेहून अधिक दफने मिळाली. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात येथे उत्खनन केले. बहुसंख्य दफने लहान मुलांची असून ती घराच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावून आडव्या ठेवलेल्या दोन कुंभांत आहेत.

असा कुंभ शक्यतो जागेवर रिकामा करू नये. मातीच्या भाराने अर्भकाची कवटी चेपून तिचे पातळ तुकडे झालेले असतात. म्हणून कुंभ मातीसकट उचलून प्रयोगशाळेत बांबूच्या काडीने आणि मऊ ब्रशने साफ करणे बरे. माती बारीक चाळणीतून गाळावी लागते, कारण हिरडीतून बाहेर न आलेल्या दातांचे शिखर (मुळावरचा भाग) तांदळाच्या दाण्याएवढे असते आणि वय ठरवायला तेच सर्वांत उपयोगी. हाडे सावलीत वाळवतात. उन्हात ती तडकतात. ठिसूळ हाडाला बळकटीसाठी राळ लावण्याआधी कार्बन-१४ कालमापनासाठी तुकडा बाजूला काढावा, नाहीतर राळेतला कार्बन निकालात मिसळतो.

मुलांचे वय दातांवरूनच काढावे. मांडीच्या हाडाच्या लांबीवरून काढले, तर उपासमारीने खुरटलेले चार वर्षांचे मूल तीन वर्षांचे ठरते आणि खुरटलेपण नोंदीतून नाहीसे होते. ही चूक वरवर दिसत नाही, म्हणून अधिक घातक. मूल मुलगा की मुलगी, हे हाडांच्या आकारावरून खात्रीने सांगता येत नाही. प्रौढांत कटिरावरून (कमरेच्या हाडांवरून) बहुधा कळते. चाळिशीपुढे मात्र वयाचा अंदाज दहा-दहा वर्षांनीही चुकू शकतो.

जॉन लुकाच आणि सुभाष वाळिंबे या मानवशास्त्रज्ञांनी येथील दात तपासले. हाड आयुष्यभर झिजते-भरते. दाताचे इनॅमल (बाहेरचे कठीण आवरण) एकदा तयार झाले की बदलत नाही. दुधाच्या सुळ्याचे इनॅमल गर्भात सुरू होऊन पहिल्या वर्षातच पूर्ण होते, त्यामुळे इनॅमल घडताना त्यावर राहिलेला खड्डा त्याच काळातला, बहुधा आजाराचा किंवा कुपोषणाचा. पण खड्डा पडायला मूल त्या आजारातून वाचावे लागते; झटपट दगावलेल्याचे दात गुळगुळीतच राहतात.

प्रौढांचे पाय बहुधा घोट्याखाली तोडलेले आढळले. मृत परत येऊ नये म्हणून, हा तर्कच. अशा ठिकाणी कडा आधी पाहावी: मृत्यूच्या सुमारास, हाड ताजे असताना केलेल्या कापाची कड बाकीच्या पृष्ठभागाच्याच रंगाची असते, उत्खननात कुदळीने तुटलेल्याची फिकट.