अनामत राखली म्हणजे पैसे कापले असं नव्हे

घर पुरं झालं, वास्तुशांत झाली, तरी ठेकेदाराचे शेवटचे पैसे अडकलेलेच. रत्नागिरी-सिंधुदुर्गात हे गावोगाव दिसतं, आणि बहुतेक भांडणांचं मूळ अनामत आणि नुकसानभरपाई यांच्या गल्लतीत असतं.

अनामत म्हणजे झालेल्या कामाच्या बिलातून ठरवून मागे ठेवलेली रक्कम. कमाई ठेकेदाराचीच, फक्त ठरल्या मुदतीपर्यंत मालकाकडे. आपल्याकडे ही मुदत निदान एका पावसाळ्याची असावीच. मे महिन्यात ठणठणीत दिसणारा स्लॅब खरा कळतो तो जुलैच्या झडीत. पण किती टक्के आणि परत कधी, हे आधी ठरलेलं नसेल, तर शेवटी राखून ठेवलेली रक्कम ही सरळ थकबाकी आहे.

नुकसानभरपाई मालकाला सिद्ध करावी लागते. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 73 प्रमाणे नुकसान झालं, ते करार मोडल्यामुळेच झालं आणि ते इतकं झालं, हे दाखवावं लागतं. करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला तरी कलम 74 प्रमाणे तो कमाल मर्यादा. मिळते ती वाजवी भरपाई.

समजा काम 12 लाखांचं, अनामत 5 टक्के, म्हणजे 60,000. गळती काढायला 18,000 लागले, तर मुदत संपताच 42,000 द्यायचे. सगळे 60,000 दाबून बसणं हा अन्याय आहे. गवंड्यांची उरलेली मजुरी कित्येकदा त्यातूनच भागायची असते.

खरी मेख गळतीच्या कारणात. जांभा पाणी पितो. चिरा उघडा दिसावा म्हणून मालकानेच बाहेरून गिलावा नको म्हटलं असेल, तर भिंतीतली ओल ठेकेदाराच्या माथी मारता येत नाही. नंतर टेरेसवर पत्र्याची शेड घालताना खांबांसाठी स्लॅबला भोकं पाडली आणि पाणी नेमकं तिथून उतरलं, तरी तेच. शंका असेल तर पाऊस ओसरल्यावर टेरेसचे निचऱ्याचे पाइप बंद करा, दोन दिवस पाणी तुंबवा, खाली उमटलेल्या ओलीची कड पेन्सिलने आखा, तारखेसह फोटो काढा. आणि हे दोघांच्या समक्ष करा.

कापण्याआधी दोष लेखी कळवून दुरुस्तीची संधी द्यावी. ठेकेदार फिरकलाच नाही तर दुसऱ्याकडून लेखी अंदाज घ्यावा. गळती दोन पावसाळे तशीच ठेवून मग कुजलेल्या छताचा सगळा खर्च मागणं टिकत नाही. नुकसान आवरायला मालकाने काय केलं, हेही कलम 73 विचारात घेतं.

दाद मागायच्या मुदतीही वेगळ्या. सदोष कामासाठी ग्राहक आयोगाकडे तक्रार कारण घडल्यापासून 2 वर्षांत. पैसे कधी द्यायचे हे ठरलेलं नसेल, तर ठेकेदाराचा दावा काम पूर्ण झाल्यापासून 3 वर्षांत. भावकीतलं, वाडीतलं काम म्हणून अनेक ठेकेदार इथेच गप्प राहतात. मालकाचं "गणपतीला आलो की देतो" हे तोंडी आश्वासन ती मुदत वाढवत नाही. मुदतीच्या आत मालकाने सही करून लिहून दिलेली थकबाकीची कबुली मात्र वाढवते, आणि तिच्या तारखेपासून 3 वर्षं नव्याने मोजली जातात.