‘डेट्स बॅक टू’ आणि सीमाप्रश्नाचे साल

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातून सीमावादाबद्दल इंग्रजीत धाडल्या जाणाऱ्या निवेदनांत ‘डेट्स बॅक फ्रॉम १९५६’ किंवा ‘डेट्स बॅक सिन्स १९५६’ असे वाक्य वरचेवर आढळते, कारण लिहिणाऱ्याच्या मनात मराठीतले ‘पासून’ असते. शुद्ध रूप ‘डेट्स बॅक टू’ किंवा नुसते ‘डेट्स फ्रॉम’ आहे, आणि गोष्ट आजही टिकून असेल तर क्रियापद साध्या वर्तमानकाळातच राहते.

अधिक गुंता सालाचा आहे. बेळगाव १८१८ नंतर इंग्रजांकडे आले आणि १८३६ मध्ये धारवाडपासून वेगळा जिल्हा झाले. पण मराठी आणि कानडी भाषक तेव्हा मुंबई इलाख्याच्या एकाच कारभाराखाली होते, त्यामुळे वादाचा उगम तेथवर नेणे ओढूनताणून होते.

खरा मतभेद १९४६ आणि १९५६ यांत आहे. मे १९४६ मध्ये बेळगावातच भरलेल्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. पुढे राज्यपुनर्रचनेच्या कायद्याने १ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेला; एका तालुक्यासाठी जो न्याय लागला तो खानापूर, निपाणीला का लागला नाही, हे कोडे इथल्या मराठी माणसाला आजही सुटलेले नाही. म्हणून कर्ता ‘मागणी’ असेल तर १९४६ लिहावे आणि ‘वाद’ असेल तर १९५६. सगळे १९५६ वर ढकलले की मागणी म्हणजे एका कायद्यावरची नाराजी वाटू लागते, आणि समोरच्या पक्षाला नेमके तेच हवे असते.

जून १९५७ मध्ये मुंबई राज्याने केंद्राकडे निवेदन दिले. १९६६ मध्ये नेमलेल्या एकसदस्यीय आयोगाने १९६७ च्या अहवालात निपाणी, खानापूरकडील गावे महाराष्ट्राला सुचवली, पण बेळगाव शहर नाकारले. कर्नाटक या अहवालालाच शेवट मानते; महाराष्ट्राने तो फेटाळला, त्यामुळे वाद मिटला असे म्हणायला आधार उरत नाही. सर्वोच्च न्यायालयातील महाराष्ट्राचा दावा २००४ चा आहे. दावा दाखल करणे ही एका दिवशी घडलेली कृती असल्याने तिथे ‘वॉज फाइल्ड इन २००४’ लिहावे. आणि ‘डेट्स बॅक टू’ त्यामागच्या वादासाठी राखून ठेवावे.