स्टेंटमधील पुनर्संकोच आणि प्राणी-प्रारूपे

हृदयाच्या अरुंद झालेल्या धमनीत ती उघडी ठेवणारी तारांची जाळीदार नळी, म्हणजे स्टेंट, बसवल्यानंतर काही महिन्यांत ती त्याच जागी पुन्हा अरुंद होते, त्याला पुनर्संकोच किंवा रेस्टेनोसिस म्हणतात. औषधाचा लेप नसलेले स्टेंट वापरात होते तेव्हा साधारण २० ते ३० टक्के रुग्णांना हा त्रास होई. धमनी रुंद करण्यासाठी आत फुगा फुगवताना आणि स्टेंटच्या तारा भिंतीत रुतताना धमनीचे आतले अस्तर खरवडले जाते. तिथे प्लेटलेट जमतात, दाह सुरू होतो आणि भिंतीच्या मधल्या थरातील स्नायुपेशी आत सरकून वाढू लागतात; त्यातून धमनी अरुंद करणारी नवी ऊती तयार होते. जिवंत रुग्णाच्या धमनीचा तुकडा काढून हे पाहता येत नाही, म्हणून प्राण्यांवरील प्रयोगांची गरज पडली.

त्यात डुक्कर सर्वांत महत्त्वाचे. त्याचे हृदय आणि हृदयधमन्या आकाराने माणसाच्या जवळपास असल्याने रुग्णांसाठी बनवलेला स्टेंट जसाच्या तसा बसवता येतो. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील रॉबर्ट श्वार्ट्झ आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये भिंतीच्या इजेसाठी ० ते ३ अशी श्रेणी मांडली. भिंतीच्या मधल्या थराच्या आतल्या बाजूचा लवचीक पडदा शाबूत असेल तर ०. जखम बाहेरच्या लवचीक पडद्यापलीकडे गेली असेल तर ३. इजा जितकी खोल, तितकी नवी ऊती जाड, हे त्यातून दिसले. या क्षेत्रातील हा सर्वांत मोलाचा धडा म्हणता येईल, कारण स्टेंट बसवताना भिंतीला कमीत कमी इजा व्हावी, या आग्रहाला त्याने मोजमापाचा आधार दिला.

सशाच्या इलियाक (पोटातून पायाकडे जाणाऱ्या) धमनीत प्रामुख्याने अस्तर पुन्हा किती लवकर भरून येते ते पाहतात. उंदीर स्वस्त आणि जनुकीय अभ्यासाला सोयीचे असले, तरी त्यांच्यावरून उपचाराचा अंदाज बांधणे धोक्याचे ठरले आहे. सिलाझाप्रिल या रक्तदाबावरील औषधाने मोठ्या उंदरांच्या धमनीतील नवी ऊती बरीच कमी झाल्याचे १९८९ मध्ये दिसले. मात्र नुसत्या फुग्याने अँजिओप्लास्टी केलेल्या रुग्णांवरील १९९२ च्या मर्केटर चाचणीत त्याचा उपयोग झाला नाही. उंदरांना शरीराच्या वजनाच्या मानाने कितीतरी मोठी मात्रा दिली होती, तीही इजा होण्याच्या आधीपासून.

सिरोलिमस या पेशींची वाढ रोखणाऱ्या औषधाचा लेप असलेल्या स्टेंटबाबत उलटे घडले. डुकरांमध्ये २८ दिवसांनी दिसलेला फायदा पुढच्या काही महिन्यांत ओसरला, तर माणसांत तो टिकला. प्रयोगातले डुक्कर बहुधा तरुण आणि निरोगी असते. रुग्णाच्या धमनीत वर्षानुवर्षांचा चरबी-कॅल्शियमचा थर असतो, अनेकदा जोडीला मधुमेहही असतो. त्यामुळे निरोगी प्राण्यावरून उपचाराची परिणामकारकता ठरवू नये. सुरक्षितता आणि जखम भरण्याची रीत समजण्यासाठी मात्र हे प्रयोग अजून अपरिहार्य आहेत.

नव्या स्टेंटच्या तपासणीत डुकरांच्या धमन्या साधारणतः २८, ९० आणि १८० दिवसांनी तपासल्या जातात. धातूसकट काप घेता यावेत म्हणून धमनी कठीण प्लास्टिकमध्ये बसवतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली गुठळी, दाह, उघड्या राहिलेल्या तारा आणि नव्या ऊतीची जाडी पाहतात.