परदेशातून निवृत्त होऊन भारतात परतताना: परदेशी पेन्शन आणि गुंतवणुकीवरचा कर, पात्रता, फॉर्म आणि कागदपत्रे

परत कधी यायचे हे बहुतेक जण विमानाची तिकिटे, भाडेकरूची मुदत आणि घराचे रंगकाम बघून ठरवतात. कराच्या दृष्टीने मात्र तीच तारीख सगळ्यात महत्त्वाची असते. माझे भाऊजी बावीस वर्षे परदेशात काढून ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात परतले. सहा आठवडे थांबले असते तर त्यांच्या परदेशी उत्पन्नाला भारतात आणखी एक पूर्ण वर्ष कर लागला नसता. हे त्यांना आधी कोणीच सांगितले नव्हते, म्हणून इथे सगळे सविस्तर लिहितो आहे.

आधी कायद्याबद्दल. १ एप्रिल २०२६ पासून मिळणाऱ्या उत्पन्नाला आयकर अधिनियम २०२५ लागू आहे. आर्थिक वर्ष २०२५-२६ पर्यंतच्या उत्पन्नाचे विवरणपत्र १९६१ च्या कायद्याप्रमाणेच भरायचे. निवासाचे दिवस मोजायचे निकष दोन्हीकडे तेच आहेत, कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलले आहेत. खाली जुने क्रमांक दिले आहेत, कारण बँका आणि सीए अजून त्याच भाषेत बोलतात. अर्ज करताना आयकर खात्याच्या पोर्टलवर त्या त्या वर्षासाठी दाखवलेलाच फॉर्म घ्यावा.

तुम्ही कोणत्या गटात बसता?

नागरिकत्व कोणते, पासपोर्ट कुठला, यावर हे सहसा ठरत नाही. आर्थिक वर्षात, म्हणजे १ एप्रिल ते ३१ मार्च, तुम्ही किती दिवस भारतात होता यावर ठरते. १८२ किंवा जास्त दिवस भारतात असाल तर रहिवासी. दुसरीही एक कसोटी आहे: त्या वर्षात ६० दिवस आणि त्याआधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात असाल तरीही रहिवासी. नुसत्या भेटीसाठी येणाऱ्या अनिवासी भारतीयांना या ६० दिवसांत सवलत मिळते, पण कायमचे परतणाऱ्याने ती गृहीत धरू नये. दरवर्षी दोन-दोन, तीन-तीन महिने येऊन राहणाऱ्यांनी मागच्या चार वर्षांची बेरीज आधी करावी.

रहिवासी झाल्यावर लगेच जगभरच्या उत्पन्नावर कर लागतो, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. मधे एक पायरी आहे: ‘रहिवासी, पण सर्वसाधारण रहिवासी नाही’. सगळे तिला आरएनओआर म्हणतात. आधीच्या दहा वर्षांपैकी नऊ वर्षे तुम्ही अनिवासी असाल, किंवा आधीच्या सात वर्षांत मिळून ७२९ किंवा कमी दिवस भारतात असाल, तर हा दर्जा मिळतो. त्यासाठी वेगळा अर्ज नाही, विवरणपत्रात तो पर्याय निवडायचा आणि दिवसांचा पुरावा जवळ ठेवायचा. या काळात परदेशात उगम पावलेल्या आणि परदेशातच हाती आलेल्या उत्पन्नावर भारतात कर नाही. अपवाद फक्त भारतातून चालवलेल्या व्यवसायाचा किंवा पेशाचा.

आता भाऊजींची गोष्ट आकड्यांत. समजा कोणी दीर्घकाळ परदेशात राहून, वर्षाला महिनाभर सुट्टीवर येऊन, २० ऑगस्ट २०२५ ला परतले. ३१ मार्च २०२६ पर्यंत १८२ पेक्षा जास्त दिवस भरतात, म्हणून २०२५-२६ मध्येच ते रहिवासी. आरएनओआरची वर्षे २०२५-२६ आणि २०२६-२७. म्हणजे २०२७-२८ पासून जगभरच्या उत्पन्नावर कर. तेच गृहस्थ २ ऑक्टोबर २०२५ ला परतले असते आणि त्या वर्षी आधी भारतात आले नसते, तर १८१ दिवस भरतात. मग २०२५-२६ साठी ते अनिवासीच राहिले असते, आरएनओआरची दोन वर्षे २०२६-२७ आणि २०२७-२८ झाली असती, आणि जगभरचा कर २०२८-२९ पासून लागला असता. येण्याचा आणि जाण्याचा दिवस दोन्ही मोजणे सुरक्षित. त्याच वर्षी एप्रिल-मे मध्ये घर बघायला म्हणून मारलेली चक्करही या बेरजेत येते, तिथेच बरेच जण चुकतात.

पेन्शन कोणत्या खात्यात जमा होते?

हा मुद्दा मी पुन्हा पुन्हा सांगतो. परदेशी पेन्शन थेट भारतातल्या खात्यात पहिल्यांदा जमा झाली, तर ती ‘भारतात प्राप्त झालेले उत्पन्न’ ठरते आणि आरएनओआर असूनही करपात्र होते. तीच रक्कम आधी परदेशातल्या खात्यात जमा झाली आणि तिथून तुम्ही नंतर भारतात पाठवली, तर ते फक्त पैशाचे स्थलांतर. म्हणून परतण्याआधी परदेशातले एक खाते चालू ठेवा आणि पेन्शन देणाऱ्याला तोच क्रमांक द्या. फेमा (परकीय चलन व्यवस्थापन) कायद्याच्या कलम ६(४) नुसार परदेशात राहत असताना मिळवलेले खाते, शेअर, घर परतल्यानंतरही बाळगता येते. घाईघाईने सगळे बंद करू नका.

फेमाचा रहिवासी आणि आयकराचा रहिवासी एकच नाही, हेही लक्षात असू द्या. कायमचे राहण्याच्या हेतूने आलात की फेमाप्रमाणे तुम्ही लगेच रहिवासी होता. त्यामुळे परतल्यावर बँकेला कळवून एनआरई (परदेशातली कमाई ठेवायचे) आणि एनआरओ (भारतातले उत्पन्न ठेवायचे) ही अनिवासींची खाती रहिवासी खात्यात बदलून घ्यावी लागतात. एनआरईच्या व्याजावरची करमाफीही त्याबरोबर संपते. एफसीएनआर, म्हणजे अनिवासींची परकीय चलनातली ठेव, मुदत संपेपर्यंत चालू राहू शकते. परकीय चलन जपायचे असेल तर आरएफसी, म्हणजे रहिवाशांसाठीचे परकीय चलन खाते उघडा. आरएनओआर असेपर्यंत त्या व्याजावर कर नाही आणि पैसा पुन्हा बाहेर नेता येतो.

आरएनओआरच्या दोन वर्षांत काय उरकावे

भारतात परतल्यावर जुन्या गुंतवणुकीची किंमत नव्याने धरली जात नाही. पंधरा वर्षांपूर्वी घेतलेले परदेशी शेअर तुम्ही सर्वसाधारण रहिवासी झाल्यावर विकले, तर नफा पंधरा वर्षांपूर्वीच्या खरेदी किमतीपासून मोजला जातो. सध्या दोन वर्षांपेक्षा जास्त ठेवलेल्या अशा शेअरच्या नफ्यावर १२.५ टक्के कर आहे. आरएनओआर काळात विकून पैसे परदेशातच घेतले तर तो नफा भारतात करपात्र नाही, आणि हवे असतील तर तेच शेअर पुन्हा घेता येतात. त्या देशातला कर मात्र आधी तपासा.

दुसरे काम स्टेटमेंटचे. आरएनओआरच्या शेवटच्या वर्षी ३१ मार्चला प्रत्येक निवृत्ती खात्यात किती शिल्लक होती, याचे पत्र काढून ठेवा. ते कशासाठी, हे पुढे येईलच.

अमेरिका, ब्रिटन, कॅनडातली निवृत्ती खाती

अमेरिकेतल्या ४०१(के) या नोकरदारांच्या निवृत्ती खात्यासारख्या खात्यांत व्याज-नफा दरवर्षी वाढतो, पण तो देश कर घेतो पैसे काढताना. भारत मात्र सर्वसाधारण रहिवाशाकडून दरवर्षी वाढलेल्या रकमेवर कर मागू शकतो. मग कर दोन वेगळ्या वर्षांत पडतो आणि क्रेडिट, म्हणजे परदेशात भरलेल्या कराची इथल्या करातली वजावट, जुळत नाही. यावर उपाय म्हणून कलम ८९अ आले. त्याखाली अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा हे देश अधिसूचित आहेत. खाते तुम्ही भारतात अनिवासी आणि त्या देशात रहिवासी असताना उघडलेले असावे, आणि त्या देशात कर काढतेवेळीच लागत असावा.

यासाठी फॉर्म १०ईई ऑनलाइन भरायचा, तोही विवरणपत्राच्या मूळ मुदतीच्या आत. उशीर झाला तर त्या वर्षापुरती ही सवलत हातची जाते. एकदा पर्याय घेतला की पुढच्या सगळ्या वर्षांना तो लागू होतो आणि मागे घेता येत नाही. पुढे कधी पुन्हा अनिवासी झालात तर पर्याय कधी घेतलाच नव्हता असे धरून मागचा कर मोजला जातो. मुलांकडे कायमचे जाण्याचा विचार मनात असेल तर आधी सीएशी बोला. पैसे काढताना, तुम्ही अनिवासी किंवा आरएनओआर असताना वाढलेली रक्कम भारताच्या करातून वगळता येते. ३१ मार्चचे पत्र लागते ते यासाठी.

दोन देशांत कर पडला तर

दुहेरी कर टाळण्यासाठी भारताने देशादेशांशी केलेला प्रत्येक करार वेगळा आहे. भारत-अमेरिका करारात खासगी पेन्शनवर राहत्या देशाचा हक्क, तर सोशल सिक्युरिटी या सरकारी पेन्शनवर फक्त पैसे देणाऱ्या देशाचा. अशी पेन्शन भारतात करपात्र नसली तरी विवरणपत्रात दाखवावी. आखाती देशांत व्यक्तीच्या उत्पन्नावर कर नसल्यामुळे तिथल्या ठेवींच्या व्याजावर इथे क्रेडिटचा प्रश्नच येत नाही, पूर्ण कर इथे भरायचा.

परदेशात भरलेल्या कराचे क्रेडिट घ्यायला फॉर्म ६७ लागतो. त्यासोबत त्या देशाच्या कर खात्याचे किंवा कर कापणाऱ्याचे प्रमाणपत्र, नाहीतर स्वतः सही केलेले निवेदन आणि कर भरल्याची पावती जोडायची. मुदत संबंधित आकारणी वर्ष (उत्पन्नाच्या वर्षानंतरचे वर्ष) संपेपर्यंत असली तरी मी हा फॉर्म विवरणपत्राच्या आधीच भरायला सांगतो, म्हणजे दोन्हीतले आकडे जुळतात. क्रेडिट मिळते ते परदेशातला कर आणि त्याच उत्पन्नावरचा भारतातला कर यांत जो कमी असेल तेवढेच. करारापेक्षा जास्त कर तिकडे कापला असेल तर तो इथे मागता येत नाही, तिथूनच परतावा घ्यावा लागतो. तिकडची कपात कमी करून घेण्यासाठी भारताचे कर-निवास प्रमाणपत्र लागते. फॉर्म १०एफए मध्ये अर्ज केला की आयकर अधिकारी ते १०एफबी मध्ये देतात.

खरी कटकट वर्षांच्या तफावतीची. अमेरिकेचे कर वर्ष जानेवारी ते डिसेंबर, ब्रिटनचे ६ एप्रिल ते ५ एप्रिल, आपले एप्रिल ते मार्च. तिथला वार्षिक दाखला इथे जसाच्या तसा चालत नाही. महिन्यावार स्टेटमेंट उतरवून घ्या, नाहीतर जुलैत आकडे फोडत बसावे लागेल. डॉलर-पौंडाचे रुपये करताना स्टेट बँकेचा टीटी बाइंग रेट (बँक परकीय चलन विकत घेते तो दर) धरायचा. पेन्शन, रोख्यांवरचे व्याज आणि परदेशात कापलेला कर यांना आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा दर, तर परदेशातल्या घरभाड्याला आणि बँक ठेवींच्या व्याजाला ३१ मार्चचा.

विवरणपत्र

आयटीआर-१ तुमच्यासाठी नाही. व्यवसाय नसेल तर आयटीआर-२. सर्वसाधारण रहिवासी झाल्यावर त्यात तीन परिशिष्टे येतात: एफएसआय मध्ये परदेशी उत्पन्न, टीआर मध्ये करसवलत आणि एफए मध्ये मालमत्ता. एफए आर्थिक वर्षाचे नसते, ते ३१ डिसेंबरला संपणाऱ्या वर्षाचे असते. आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या विवरणपत्रात जानेवारी ते डिसेंबर २०२५ ची माहिती येते. प्रत्येक खात्याची उघडल्याची तारीख, वर्षातली सर्वांत जास्त शिल्लक, वर्षअखेरची शिल्लक आणि मिळालेले व्याज लिहावे लागते. जोडीदाराबरोबरचे संयुक्त खाते, कित्येक वर्षे न वापरलेले छोटे खातेसुद्धा त्यात आले पाहिजे. उत्पन्न करपात्र मर्यादेखाली असले तरी परदेशी मालमत्ता असेल तर विवरणपत्र भरणे बंधनकारक आहे. अनिवासी आणि आरएनओआर यांना एफए भरावे लागत नाही.

मालमत्ता दाखवली नाही तर २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपये दंड होऊ शकतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून इतर मालमत्ता एकूण २० लाखांपर्यंत असेल तर हा दंड नाही. परदेशी बँकांची माहिती देशादेशांत आपोआप पोहोचते, तेव्हा ‘कोणाला कळणार’ या भरवशावर राहू नका. राहून गेले असेल तर मुदतीत सुधारित विवरणपत्र भरा.

परदेशी पेन्शनवर इथे टीडीएस कापला जात नाही. साठ पूर्ण केलेल्या आणि व्यवसाय नसलेल्या रहिवाशाला अग्रिम कर भरावा लागत नाही, विवरणपत्रापूर्वी एकदम भरला तरी चालतो. साठच्या आतल्यांनी मात्र १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या तारखा पाळाव्यात.

फाइलमध्ये काय काय असावे

- जुने-नवे सगळे पासपोर्ट, तिकिटे आणि बोर्डिंग पास. काही विमानतळांवर आता शिक्काच पडत नाही
- मागच्या दहा वर्षांच्या भारतातल्या दिवसांचा वर्षवार तक्ता
- पॅन आणि आधार जोडलेले, पोर्टलवरचा निवासाचा दर्जा बदललेला
- परदेशातला कर ओळख क्रमांक, तिथली विवरणपत्रे आणि कर कापल्याचे दाखले
- पेन्शन मंजुरीचे पत्र, निवृत्ती खात्याची ३१ मार्च आणि ३१ डिसेंबरची स्टेटमेंट
- शेअर आणि घराच्या खरेदीचे मूळ कागद
- एनआरई, एनआरओ खाती बदलल्याचे बँकेचे पत्र

अमेरिकेचे नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असाल तर भारतात राहूनही तिथले विवरणपत्र चालूच राहते. अमेरिकेबाहेरच्या खात्यांची एकत्र शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबीएआर हे त्या खात्यांच्या माहितीचे विवरणही भरावे लागते. त्यांनी परतल्या परतल्या इथले म्युच्युअल फंड घेऊ नयेत, कारण अमेरिकी कायदा त्यांना फार कडक कर लावतो.

तिकीट अजून काढले नसेल तर आज रात्रीच पासपोर्ट समोर घेऊन मागच्या चार वर्षांचे दिवस मोजा. तारीख त्यानंतर ठरवा.