पहिला क्रमांक कोणाचा? धर्मसंस्थापकांच्या तुलनेची जुनी गोष्ट

स्पर्धा परीक्षांच्या सामान्य ज्ञानाच्या पुस्तकांत एक तक्ता हमखास सापडतो. धर्म, संस्थापक, धर्मग्रंथ, प्रार्थनास्थळ असे चार रकाने. ख्रिस्ती धर्मापुढे येशू, इस्लामपुढे मुहम्मद पैगंबर, बौद्ध धर्मापुढे गौतम बुद्ध. जैन धर्मापुढे महावीर लिहिलेले असते आणि त्याला कोणताही जाणता जैन हरकत घेईल, कारण त्याच्या लेखी महावीर हे चोविसावे तीर्थंकर. धर्म त्यांच्या कितीतरी आधीपासूनचा. हिंदू धर्मापुढे नुसती आडवी रेघ असते. त्या रेघेकडे पुढे यायचेच आहे.

या संस्थापकांपैकी जगाच्या इतिहासावर जास्त ठसा कोणाचा, हा वाद निघाला की आजकाल एका पुस्तकाचा दाखला येतो. मायकेल हार्ट या अमेरिकी खगोलभौतिकशास्त्रज्ञाने १९७८ साली इतिहासातल्या सर्वांत प्रभावी शंभर व्यक्तींची क्रमवारी लावली. (परग्रहावरचे कोणी पृथ्वीवर का आलेले दिसत नाही, या प्रश्नावर याच गृहस्थांनी तीन वर्षे आधी गाजलेला निबंध लिहिला होता. लहान प्रश्नांत त्यांना रस नसावा.) पहिले मुहम्मद पैगंबर, दुसरा न्यूटन, तिसरे येशू, चौथे बुद्ध, पाचवे कन्फ्यूशियस आणि सहावे संत पौल. सातव्या जागेवर कागद बनवण्याची रीत काढणारा चीनचा त्साय लुन. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या संदेशांत यातला पहिला क्रमांक तेवढा येतो, त्यामागची कारणमीमांसा वाटेतच गळून पडते.

खरी गंमत तर त्या कारणमीमांसेतच आहे. प्रभावी म्हणजे थोर, असे हार्टना म्हणायचे नव्हते. त्यांच्या यादीत हिटलर आणि स्टालिनही आहेत. अनुयायांची डोकी मोजायची तर येशू वर जायला हवे होते. प्यू रिसर्च सेंटरच्या अंदाजाप्रमाणे २०१० मध्ये जगात ख्रिस्ती सुमारे २२० कोटी आणि मुसलमान १६० कोटी होते. १९७८ मध्येही ख्रिस्तीच जास्त होते. पण हार्टनी श्रेयाची वाटणी केली. ख्रिस्ती धर्माचा नीतिविचार येशूचा. त्याचे धर्मशास्त्र रचणे आणि यहुदी नसलेल्यांपर्यंत तो नेणे हे मुख्यतः पौलाचे काम. म्हणजे एका धर्माचे श्रेय दोन खात्यांवर गेले. इस्लामच्या बाबतीत संदेश, धर्माचा प्रसार आणि राज्याची उभारणी ही तिन्ही कामे एकाच माणसाच्या नावावर जमा झाली.

पौलाचा मुद्दा हार्टनी शोधून काढला असे मात्र नाही. पौलाने येशूच्या हयातीत त्याच्यामागे फिरून शिष्यत्व केलेले नव्हते. उलट सुरुवातीला तो येशूच्या अनुयायांचा छळ करणाऱ्यांपैकी होता. तरी नव्या करारातल्या २७ पुस्तकांपैकी १३ पत्रे त्याच्या नावावर आहेत. ख्रिस्ती व्हायचे तर आधी सुंता करून मोशेचे नियमशास्त्र पाळायला हवे का, यावर इ.स. ५० च्या सुमारास जेरुसलेममध्ये जो खल झाला, त्यात पौलाची बाजू नसती तर हा पंथ यहुद्यांमधलाच एक छोटा पंथ म्हणून राहिला असता, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. जर्मनीतल्या ट्यूबिंगेनच्या विद्वानांनी एकोणिसाव्या शतकातच या प्रश्नाचा कीस पाडला होता.

हाच न्याय इस्लामला लावला तर? पैगंबर ६३२ मध्ये गेले. सीरिया, इजिप्त, इराण इथली मोठी घोडदौड त्यांच्या पश्चात, विशेषतः खलिफा उमर यांच्या काळातली. ७११ च्या सुमारास अरब फौजा एकीकडे स्पेनमध्ये उतरल्या आणि दुसरीकडे सिंधमध्ये. हार्टच्या यादीत उमर आहेत, पण बरेच खाली. बुद्धाच्या खात्यातून अशोकाचा वाटा वेगळा काढायचा की नाही, हाही तोच प्रश्न. थोडक्यात, हे गणित सोडवणाऱ्याच्या हातात असते.

क्रमवारी लावण्याची हौस अलीकडची असली तरी वाद फार जुना आहे, आणि एके काळी तो जिवावर बेतणारा होता. १२३९ मध्ये पोप नववा ग्रेगरी याने सम्राट दुसरा फ्रेडरिक याच्यावर आरोप ठेवला की, मोशे, येशू आणि मुहम्मद या तिघांनी जगाला फसवले असे हा म्हणतो. सम्राटाने इन्कार केला. पण तेवढ्यावरून ‘तीन ठकसेन’ नावाचे एक पुस्तक आहे अशी वदंता उठली आणि पुढे कित्येक शतके युरोपातले विद्वान कोणीच न पाहिलेले ते पुस्तक धुंडाळत राहिले. ज्याच्या त्याच्यावर त्याच्या लेखनाचा आळ. अखेर १७१९ मध्ये हेग शहरात त्या विषयावरचे फ्रेंच पुस्तक खरोखरच छापले गेले. आधी बदनामी, मग पुस्तक! संस्थापकांना एका ओळीत बसवून तोलण्याची युरोपातली सुरुवात अशी शिवीतून झाली.

आशियात याच सुमारास वेगळा प्रकार दिसतो. १२५४ च्या मे महिन्यात मंगोलांच्या काराकोरम या राजधानीत मोंगके खानाने ख्रिस्ती, मुसलमान आणि बौद्ध पंडितांना समोरासमोर बसवले. कोणी भांडखोर किंवा अपमानकारक शब्द काढला तर देहदंड, अशी अट होती. विल्यम ऑफ रुब्रुक हा फ्रान्सिस्कन साधू त्या वादात होता आणि त्यानेच हकीकत लिहून ठेवली. वाद संपल्यावर सगळे मिळून भरपूर प्यायले, हेही तो प्रामाणिकपणे नोंदवतो. दुसऱ्या दिवशी खानाने त्याला सांगितले की, देवाने हाताला जशी वेगवेगळी बोटे दिली तसे माणसांना वेगवेगळे मार्ग दिले.

फत्तेपूर सिक्रीच्या वादाचा धागा तर थेट गोव्याशी जोडलेला आहे. अकबराने तिथे १५७५ मध्ये धर्मचर्चेसाठी इबादतखाना बांधला. सुरुवातीला तिथे फक्त मुसलमान आलिमांचे वाद चालत आणि तेच इतके हातघाईवर येत की बादशहा विटला. मग दारे इतरांना उघडली. नवसारीचे पारशी धर्मगुरू दस्तुर मेहेरजी राणा आले, पुढे जैन आचार्य हीरविजयसूरी आले. गोव्याहून जेझुइट पाद्री बोलावले गेले; रुदोल्फ आक्वाविवा, आंतोनियो मोन्सेरात आणि त्यांचा एक सोबती १५८० मध्ये दरबारी पोचले. त्यांनी नजर केलेल्या बायबलचे खंड अकबराने मोठ्या आदराने स्वीकारले. इथे मात्र वाद सरळ संस्थापकांवरच आला: ख्रिस्त मोठा की पैगंबर? कुराण हातात घेऊन एकाने आणि बायबल घेऊन दुसऱ्याने आगीत शिरावे, जो वाचेल त्याचा धर्म खरा, असा अग्निदिव्याचा प्रस्तावही पुढे आला. पाद्र्यांनी तो नाकारला. बादशहा आज ना उद्या बाप्तिस्मा घेईल ही त्यांची आशा फोल ठरली आणि आक्वाविवा १५८३ मध्ये गोव्याला परतला. त्याच वर्षी जुलैमध्ये साष्टीतल्या कुंकळ्ळी गावात, पोर्तुगीजांनी देवळे पाडल्यामुळे खवळलेल्या गावकऱ्यांच्या हातून तो मारला गेला. दरबारात शब्दांनी चाललेला वाद गावात कोणत्या रूपाने पोचला होता, ते यावरून दिसते.

आजच्या ‘जगाला घडवणारे महापुरुष’ या भाषेचा उगम मात्र लंडनमधल्या १८४० च्या व्याख्यानांत आहे. थॉमस कार्लाइलने वीरपुरुषांवर सहा व्याख्याने दिली आणि ‘प्रेषित’ या प्रकारासाठी मुहम्मद पैगंबरांना निवडले. युरोपात तोवर त्यांना ढोंगी म्हणण्याची रूढी होती; खोटा माणूस साधे विटांचे घरही बांधू शकत नाही, धर्म कुठला उभारणार, असा कार्लाइलचा सवाल होता. त्या काळात हे धाडसच. तरी त्याने निवडीचे कारण सांगून टाकले आहे: सर्वश्रेष्ठ प्रेषित म्हणून ही निवड नाही, ज्याच्याविषयी सर्वांत मोकळेपणाने बोलता येईल असा हा आहे, म्हणून. आणि सर्वांत मोठा वीर कोण, त्याचे नाव इथे घेत नाही, असे म्हणून त्याने येशूला तुलनेबाहेर ठेवले. शर्यत लावायची, पण घरचा घोडा त्यात उतरवायचा नाही!

कार्लाइलच्या यादीत बुद्ध नाही, यात नवल नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीला कुरळ्या केसांच्या मूर्तींवरून बुद्ध आफ्रिकेतला असावा, असा तर्क मोठमोठे विद्वान गंभीरपणे करत होते. जेम्स प्रिन्सेपने अशोकाच्या शिलालेखांची ब्राह्मी लिपी वाचली १८३७ मध्ये, ब्युर्नूफचा बौद्ध धर्मावरचा फ्रेंच ग्रंथ आला १८४४ मध्ये, आणि लुंबिनीचा अशोकस्तंभ सापडला तो थेट १८९६ मध्ये. इंग्रजी वाचकांच्या घराघरांत बुद्ध पोचवणारे काव्य १८७९ मध्ये लिहिणारा एडविन अर्नोल्ड हा पूर्वी पुण्याच्या संस्कृत पाठशाळेचा प्राचार्य होता.

यात आपण फार नाक वर करू नये. नाशिकच्या बौद्ध लेण्यांना आपण पांडवलेणी म्हणत आलो. वेरूळच्या दहाव्या लेण्यातल्या बुद्धमूर्तीला सुतार मंडळी विश्वकर्मा म्हणून पुजत आणि लेण्याचे नाव पडले ‘सुताराची झोपडी’. उलट युरोपात बुद्ध ओळख लपवून आधीच पोचला होता: ‘बोधिसत्त्व’ हा शब्द अरबी, जॉर्जियन, ग्रीक असे टप्पे घेत ‘जोसाफात’ झाला, राजवैभव सोडणाऱ्या त्या राजपुत्राची कथा ख्रिस्ती संतकथा बनली आणि २७ नोव्हेंबर हा त्याचा स्मरणदिन रोमन चर्चच्या संतांच्या यादीत नोंदला गेला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अभ्यासकांना हे कोडे उलगडले. प्रभाव मोजणाऱ्याने हा संत कोणत्या रकान्यात धरावा?

आता ती आडवी रेघ. प्रत्येक धर्माला एक संस्थापक आणि एक ग्रंथ असतो, हा साचा येशू आणि बायबल डोळ्यांपुढे ठेवून पडलेला आहे. मुसलमानांना ‘मोहमेडन’ म्हणण्याची इंग्रजी रीत त्यातलीच, आणि ती मुसलमानांना कधीच रुचली नाही. गीतेतल्या ‘धर्मसंस्थापनार्थाय’ या शब्दातली संस्थापना म्हणजे विस्कटलेली घडी पुन्हा बसवणे. नवा धर्म काढण्याचा तिथे प्रश्नच नाही. लोकमान्य टिळकांनी हिंदू धर्माची व्याख्या केली तेव्हा वेदांविषयी प्रामाण्यबुद्धी, साधनांची अनेकता आणि उपास्याचा नियम नसणे ही लक्षणे सांगितली. संस्थापकाचे नावच नाही. मग तक्त्यात रेघ येणारच, आणि अशा क्रमवारीत हा धर्म बसतच नाही.

मुंबईत या साच्याची टक्कर १८३१ मध्येच झाली. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांचा जाहीर वाद झाला, दांडेकरांनी त्याच वर्षी ‘हिंदुधर्मस्थापना’ लिहिले आणि विल्सनने त्याला उत्तर दिले. १८५७ च्या पहिल्या काही महिन्यांत विष्णुबुवा ब्रह्मचारी समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी दर आठवड्याला वाद घालत. दोन्ही बाजूंचा रोख दुसऱ्याला हरवण्यावर होता.

जोतीराव फुल्यांनी मात्र पट बदलला. त्यांनी ‘मानव महंमद’ हा अखंड (अभंगासारखे पद्य) रचून पैगंबरांचा गौरव केला. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये निघालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुस्तकात एका कुटुंबाचे चित्र आहे: बाई बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी, आणि सगळे एका घरात गोडीने नांदतात. क्रमवारीची गरजच त्यांना वाटली नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तुलना केली, पण कसोटी स्वतःची आणली. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांवर बोलताना त्यांनी आधी कार्लाइलचाच समाचार घेतला. इतिहास माणूस घडवतो की परिस्थिती, थोर कोणाला म्हणायचे, यांची चर्चा करून त्यांनी कार्लाइलची प्रामाणिकपणाची अट अपुरी ठरवली. सामाजिक हेतूने प्रेरित होऊन समाजाची घाण उपसणारा तो थोर, असे त्यांचे माप होते. १९५० मध्ये महाबोधी सोसायटीच्या मासिकातल्या लेखात त्यांनी बुद्ध, येशू, मुहम्मद आणि कृष्ण हे चौघे निवडले: ज्यांच्या धर्मांनी पूर्वी जग हलवले आणि आजही जनसमुदायावर ज्यांची सत्ता आहे असे. येशू स्वतःला देवाचा पुत्र म्हणतो, मुहम्मद देवाचे अखेरचे प्रेषित, कृष्ण तर स्वतःच परमेश्वर. बुद्धाने मात्र असा काही दावा केला नाही. तो मार्गदाता राहिला, मोक्षदाता झाला नाही. कोणाचा प्रभाव जास्त, यापेक्षा अनुयायाला विचार करायला कोण मोकळा सोडतो, हे बाबासाहेबांनी पाहिले. येवल्याच्या १९३५ च्या घोषणेनंतर त्यांच्यापुढे हा निव्वळ पांडित्याचा प्रश्न राहिलाच नव्हता. लाखो माणसांना घेऊन कोणत्या दारात जायचे ते ठरवायचे होते.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्याचे उत्तर मिळाले. २०११ च्या जनगणनेत भारतात सुमारे ८४ लाख बौद्ध नोंदले गेले, त्यातले ६५ लाखांहून अधिक एकट्या महाराष्ट्रातले. हार्टची वाटणीची रीत इथे लावायची, तर ही माणसे बुद्धाच्या खात्यावर मांडायची की बाबासाहेबांच्या?