लाजेची दुखणी (गर्भारपण व बाळंतपण)

लाजेची दुखणी : गर्भारपणात आणि बाळंतपणानंतर अंगाला होणारे जे त्रास बाई नवऱ्याजवळ, सासूजवळ आणि पुष्कळदा डॉक्टरजवळही काढत नाही, ते सगळे मिळून. शिंकेसरशी लघवी सुटणे, वारा न आवरणे, मूळव्याध, अंगावरून पांढरे जाणे, खाज, ब्लाउजमधून दूध झिरपणे, टाक्यांची आग, बाळंत होताना जोर लावला की संडास होणे, अंग (गर्भाशय) बाहेर येणे ही त्यातली नेहमीची. वैद्यकाच्या पुस्तकात असा वर्ग नाही. मूत्रमार्ग, आतडी, कातडी, गर्भाशय अशा निरनिराळ्या प्रकरणांत हे त्रास विखुरलेले असतात. त्यांना एकत्र बांधते ती केवळ न बोलण्याची सवय. यातले बहुतेक निरुपद्रवी आहेत आणि बरे होतात. जे थोडे धोक्याचे आहेत तेही त्याच मौनाखाली झाकले जातात, म्हणून ही नोंद.

नागपुरात हे मौन ओपीडीच्या दाराशी दिसते. सातव्या महिन्यातली बाई प्लास्टिकच्या पिशवीत फाइल आणि सोनोग्राफीचे कागद घेऊन बसलेली असते, शेजारी सासू. बीपी, वजन, पोट तपासून होते. "काही त्रास?" "नाही, मॅडम." गोळ्या लिहून होतात. सासू चपला घालायला पुढे होते, तेवढ्यात ही दारातून मागे वळते आणि पदराचे टोक बोटाला गुंडाळत हळूच म्हणते, "मॅडम, शिंक आली का नं, थोडी होऊन जाते." काय होऊन जाते, हे ती सांगत नाही. तोवर पुढचा नंबर पुकारलेला असतो. ‘काही त्रास?’ या मोघम प्रश्नाला ‘नाही’ हेच उत्तर येणार. सोबतच्या माणसांना दोन मिनिटे बाहेर थांबवून सिस्टरने ‘लघवी सुटते का, संडासला त्रास होतो का’ असे नाव घेऊन विचारले, तर बाई बोलते.

‘अंगावरून जाते’ म्हणजे काय जाते?

आपल्या बोलण्यात लाजेने शब्द आखूड केले आहेत. ‘अंगावरून जाते’ या एका वाक्यात चार वेगळ्या गोष्टी दडतात : पांढरा स्राव, रक्त, गर्भजल आणि बाळंतपणानंतरचा स्राव. ‘खाली आग होते’ म्हणणाऱ्या बाईला लघवीची जळजळ असू शकते, बुरशीची खाज, टाक्यांची सूज किंवा मूळव्याधही. चारांवर चार वेगळे उपाय आहेत. म्हणून रंग कोणता, वास येतो का, केव्हापासून, दिवसात किती पॅड लागतात, एवढे सांगितले तर निदान अर्धे झाले.

गर्भारपणात पातळ, दुधाळ, वास नसलेले पांढरे जाणे वाढते. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक वाढलेले असते, त्या भागाचा रक्तपुरवठाही वाढलेला असतो. त्याला उपचार लागत नाही. तेच दह्याच्या कवडीसारखे घट्ट झाले आणि सोबत खाज सुटली तर बहुधा बुरशी असते. त्यावर आत ठेवायच्या गोळ्या मिळतात. मात्र मेडिकलच्या दुकानातून आपल्या मनाने तोंडाने घ्यायची गोळी आणू नये, ती गर्भारपणात टाळतात. साबण, डेटॉल किंवा लिंबाच्या पाण्याने आतून धुणे तर अजिबात नको.

स्वच्छ पाण्यासारखे झिरपत राहते, उभे राहिले की ओघळते आणि रोखले तरी थांबत नाही, ते गर्भजल असू शकते. कोरडे पॅड लावून थोडा वेळ पडावे. उठल्यावर पुन्हा भिजले तर दवाखाना गाठावा. त्या पाण्याला हिरवट छटा असेल तर तेवढाही वेळ घालवू नये. रात्री दोनला ‘लघवीच असेल’ म्हणून सकाळची वाट पाहणे ही लाजेने करवलेली सर्वांत महागडी चूक. गर्भवतीला आणि बाळंतिणीला नेण्या-आणण्यासाठी १०२ ची गाडी मोफत आहे. गर्भारपणात लाल काहीही दिसले, थेंबभर का होईना, तरी तडक दवाखाना गाठावा.

लघवी

वाढते गर्भाशय मूत्राशयावर दाबते, संप्रेरकांनी स्नायू सैलावतात आणि बाळंतपणात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ताणले जातात. बाळंतपणानंतर साधारण तिघींपैकी एकीला खोकताना, हसताना, बादली उचलताना लघवी सुटते. सिझेरियनने हा धोका कमी होतो, संपत नाही. ‘लेकरं झाल्यावर असंच राहते’ ही घरातली समजूत मात्र खरी नाही.

अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड कीगल यांनी १९४८ मध्ये या स्नायूंचा व्यायाम मांडला. आपल्याकडे योगातला मूलबंध त्याच्या जवळचा. वारा रोखताना जे स्नायू आवळतो तेच आत-वर ओढायचे, जमेल तेवढे, पाच ते दहा सेकंद धरायचे, पूर्ण सोडायचे. असे आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. श्वास धरायचा नाही, पोट व मांड्या ताणायच्या नाहीत. लघवी करताना मध्येच थांबवून रोज सराव करू नये, त्याने मूत्राशय नीट रिकामे होत नाही. गर्भारपणातच सुरुवात केली तर उत्तम. भाजी निवडताना, पाळणा हलवताना करता येतो आणि कोणाला कळतही नाही; लाजणाऱ्या बाईसाठी याहून सोयीचा इलाज नाही.

उन्हाळ्यात प्रश्न वेगळे वळण घेतो. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो. बर्डीला किंवा इतवारीत खरेदीला, नाहीतर कामावर जायचे आणि वाटेत स्वच्छ संडास मिळेल याची खात्री नाही, म्हणून बाई घरून निघताना पाणीच पीत नाही. मग लघवीला जळजळ होते आणि ‘उन्हाळी लागली’ म्हणून धने-जिरे किंवा सब्जाचे पाणी होते. थंडावा मिळतो, पण गर्भवतीची उन्हाळी ही पुष्कळदा मूत्रमार्गातला जंतुसंसर्ग असते. गर्भारपणात तो वर मूत्रपिंडापर्यंत लवकर चढतो आणि दिवस भरण्याआधी कळा सुरू होऊ शकतात. लघवीची तपासणी स्वस्त आहे, गर्भारपणात चालणारी प्रतिजैविकेही आहेत. पाठीत एका बाजूला दुखून थंडी-ताप आला तर सब्जावर थांबू नये.

पोट, संडास, मूळव्याध

गर्भारपणात वाढलेल्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाने आतडी मंदावतात आणि जठराच्या तोंडाची झडप सैल पडते. म्हणून सावजीचा रस्सा किंवा सकाळचा तर्रीपोहा पूर्वी निभत असला तरी आता छातीत जळजळ करतो. थोडे-थोडे खावे, जेवून लगेच आडवे होऊ नये. चव सोडायची गरज नाही, तर्री कमी करावी.

लोहाच्या गोळीने संडास काळी होते. ते रक्त नसते. पण काळी संडास आणि बसलेले पोट यांना घाबरून कितीतरी जणी गोळ्या कपाटात साड्यांखाली ठेवतात आणि तपासणीत ‘घेते’ म्हणतात. सरकारी कार्यक्रमात ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्लाची गोळी चौथ्या महिन्यापासून रोज १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस घ्यायची असते. सोसत नसेल तर तसे सांगावे, वेळ किंवा औषध बदलून मिळते. गोळी चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नये. संत्र्याबरोबर घेतली तर लोह चांगले शोषले जाते, आणि संत्र्याला नागपुरात काय तोटा!

खरा घोटाळा बाळंतिणीच्या खोलीत होतो. सव्वा महिना माहेरी विश्रांती, मालिश, कोणीतरी हातात गरम ताट देणे, हे या रिवाजाचे मोठे देणे आहे आणि ते टिकावे. पण त्याच खोलीत ‘पाणी जास्त पिऊ नको, पोट सुटेल’ असेही बजावले जाते. पाणी कमी, डिंकाचे लाडू रोज, पालेभाज्या ‘वातूळ’ म्हणून बंद, त्यात टाके तुटतील या भीतीने संडास अडवून धरलेली. चौथ्या दिवशी खडा धरतो, जोर लावून रक्त पडते, मूळव्याधीचा कोंब बाहेर येतो. बाई न्हाणीघरात रडून डोळे पुसून बाहेर येते आणि विचारले तर ‘डोळ्यांत धूर गेला’ म्हणते. पाण्याने पोट सुटत नाही. ते ताणलेल्या स्नायूंमुळे लोंबते आणि हळूहळू आवळते. दूध पाजणाऱ्या आईला तर पाणी जास्तच लागते. टबातल्या कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटे बसणे, पायाखाली छोटा पाट घेऊन संडासला बसणे, गरजेला डॉक्टरांनी दिलेले पातळ औषध यांनी आराम पडतो. शौचाने टाके तुटत नाहीत. मात्र वारा किंवा शौच अजिबात आवरत नसेल तर गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत फाटलेले असू शकते. ते दडवू नये, त्यावर उपचार आहेत.

कोंदट खोलीत शेगडी आणि धुरी यांचेही असेच. बंद खोलीतल्या कोळशाचा वायू आई व बाळ दोघांनाही घातक आहे. शिवाय ओवा-शेपांच्या धुरात स्रावाची दुर्गंधी लपू शकते, आणि दुर्गंधी ही गर्भाशयातल्या संसर्गाची एक खूण असते.

प्रसूतिगृहात

बाळाचे डोके खाली उतरताना मागच्या आतड्यावर दाब येतो, त्यामुळे जोर लावताना संडास होते. पुष्कळ जणींना होते. सिस्टर एका हाताने पुसून टाकते आणि तिला ते संध्याकाळी आठवतही नाही. उलट ही भीती मनात धरून बाई जोर रोखते, आणि तेच त्रासाचे. पूर्वी पोट साफ करायला सर्रास एनिमा दिला जाई, खालचे केस काढले जात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींनुसार दोन्ही गोष्टी सरसकट करू नयेत. आडोसा ही मात्र हक्काची गोष्ट आहे. सरकारी प्रसूतिगृहांसाठी २०१७ मध्ये आलेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात पडदा, सन्मानाची वागणूक आणि सोबतीला ओळखीची बाई या गोष्टी धरलेल्या आहेत.

लाजणाऱ्या बाईला बाईनेच हात लावावा, ही गरज या शहराने लवकर ओळखली होती. कमलाताई होस्पेट यांनी १९२१ मध्ये नागपुरात मातृसेवा संघ उभा केला. आज मेडिकल, मेयो आणि एम्स या मोठ्या सरकारी रुग्णालयांबरोबर गांधीबागेतले डागा स्त्री रुग्णालय आहे, आणि दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गर्भवतींची मोफत तपासणी होते.

घरी आल्यावर

स्राव चार ते सहा आठवडे चालतो : लाल, मग तपकिरी, मग पिवळट-पांढरा. तासाभरात पॅड पूर्ण भिजले, मोठ्या गाठी पडल्या किंवा वास येऊन ताप भरला तर तडक दवाखाना. रात्री घामाने चादर ओली होणे हे साठलेले पाणी बाहेर पडण्याचे लक्षण आहे. गर्भारपणाच्या मधल्या महिन्यांतच चीक (पहिले दूध) झिरपू लागतो, काहींना झिरपत नाही, दोन्ही ठीक. तो चीक पिळून टाकायचा नसतो, बाळाला पहिल्या तासातच द्यायचा असतो. केस तिसऱ्या महिन्यापासून झुबक्याने गळतात, कारण गर्भारपणात न गळलेले एकदम सुटतात. साधारण वर्षभरात पूर्ववत होतात.

एक खाज मात्र वेगळी. शेवटच्या तीन महिन्यांत तळहात-तळपाय खाजतात, रात्री वाढते, पुरळ नसते. ही यकृताची तक्रार असू शकते आणि बाळाला धोका असतो. रक्ततपासणी लगेच करावी.

शरीरसंबंधाबद्दल कोणीच काही सांगत नाही. टाके भरले, स्राव थांबला आणि बाईची इच्छा असली म्हणजे हरकत नाही. बहुधा सहा आठवडे लागतात. अंगावर पाजताना इस्ट्रोजेन कमी असल्याने कोरडेपणा येतो, त्यासाठी पाण्याचे जेल मिळते. पाळी आली नाही तरी दिवस राहू शकतात.

‘अंग बाहेर येणे’ हे सर्वांत जास्त लपवलेले दुखणे. संध्याकाळी खाली चेंडूसारखे काही उतरते, आडवे झाले की आत जाते. अनेक बाळंतपणे, लांबलेल्या कळा, जुना खोकला, आणि सव्वा महिनाही न पाळता वावरात कापूस वेचायला किंवा बांधकामावर घमेले उचलायला गेलेली बाई यांत ते वाढते. काही जणी वर्षानुवर्षे फडके बांधून काम करतात. सुरुवातीला व्यायामाने फरक पडतो, पुढे आत बसवायची रिंग आहे. ती ओपीडीतच बसवतात, भूल लागत नाही. शस्त्रक्रिया शेवटी.

बाळंतपणानंतर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते. बाळाचे वजन होत असताना तिला खोलीचे दार लोटून घ्यायला सांगता येते. तोंडाने बोलवत नसेल तर चिठ्ठी लिहून फाइलला टाचावी : ‘खोकताना लघवी सुटते. दोन महिन्यांपासून. रोज.’ डॉक्टरला एवढे पुरते.